गाऱ्हाण्याच्या वेळी कुठे उभं राहायचं? नव्याने विश्वासात आलेल्या कोकणातल्या भावंडांसाठी

चतुर्थीला अजून दोन महिने आहेत म्हणून हे आत्ताच लिहायला घेतलं, कारण आदल्या रात्री फोन करून "दादा उद्या काय करू" विचारणाऱ्याला मी फारसं काही देऊ शकत नाही. असे दोन-तीन फोन दरवर्षी येतात. पोरगं मुंबईला नाहीतर गोव्यात कामाला असताना ख्रिस्ताकडे वळलेलं असतं, तिकडे रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जातं, बायबल वाचतं, सगळं बरं चाललेलं असतं, आणि मग गावच्या गाडीचं बुकिंग करायची वेळ आली की पोटात गोळा येतो. मी मालवणच्या बाजूचा. विश्वासात येऊन चौदा वर्षं झाली, घरात मी एकटाच विश्वासी, बाकी सगळं घर देव-देवस्की, मान-पान पाळणारं. जे खाली लिहितोय ते मी करून बघितलेलं आहे, काही चुकून शिकलोय, आणि काही बाबतीत तुमची मंडळी माझ्यापेक्षा वेगळं सांगेल, ते त्यांना विचारा.

एक आधीच सांगतो. आपल्याकडे दबाव बहुतेक वेळा मायेने येतो. आई ताट पुढे करते, काका म्हणतात एक नारळ ठेवलास म्हणून काय बिघडलं, बायको म्हणते पोरांसाठी तरी चल. रागावलेल्या माणसाला नाही म्हणणं सोपं असतं हो, रडणाऱ्या आईला नाही म्हणणं कठीण. त्यामुळे तयारी भांडणाची करू नका, या दुसऱ्या गोष्टीची करा.

पहिली पायरी: आपण कोणाच्या मागे चाललोय ते आधी नीट बघा

मार्काचं शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय आहेत, महिन्यात दोनदा वाचून होतं. मोठ्याने वाचा. मग एक कागद घेऊन लिहा की मी येशूला प्रभू का मानतो, अर्ध्या पानात, आणि ते आपल्या घरच्या भाषेत, मंडळीत ऐकलेल्या भाषेत नको. "तारण", "अभिषेक", "छुटकारा" हे शब्द तुमच्या आईला कळणार नाहीत. मालवणीत तीन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. मी तेव्हा लिहिलं होतं की माझ्या हातून जे झालं त्याची मला लाज वाटायची, रात्री झोप लागायची नाही, आणि येशूने ते आपल्यावर घेतलं हे कळलं तेव्हापासून मी त्याचा झालो. एवढंच.

हे आधी का, तर काही जण बरे झाले म्हणून येतात, काही जण एखाद्या मित्राच्या जिव्हाळ्यामुळे येतात, त्यात वाईट काही नाही, सुरुवात कुठूनही होते. पण पुढे आजारपण परत आलं किंवा तो मित्र दुबईला गेला की घरचे बरोबर तिथेच बोट ठेवतात. तेव्हा पायाखाली येशू स्वतः पाहिजे.

दुसरी पायरी: घरी तुम्हीच सांगा, गावाने सांगायच्या आधी

इथे मी मोठी चूक केली. पहिल्या वर्षी चतुर्थीला मी घरी फोन करून ताप आहे म्हणून सांगितलं, सुट्टी पण मिळत नाही म्हणून सांगितलं. आईने गाववाल्याकडे लाडू आणि कंदमुळाच्या भाजीची तयारी बांधून पाठवली, तो खोलीवर आला तर मी चांगला धडधाकट, मंडळीतल्या पोरांबरोबर जेवत बसलेला. त्याने गावाला जाऊन काय सांगितलं ते वेगळं लिहायला नको. आई चार महिने माझ्याशी बोलली नाही आणि बोलली तेव्हा पहिलं वाक्य हेच, "तुझो देव खोटा बोलूक शिकयता काय?" देव बदलला याचं तिला दुःख होतंच, पण त्याहून जास्त लागलं ते खोटं. माझ्या साक्षीला त्या दिवशी जो डाग लागला तो धुवायला मला चार-पाच वर्षं लागली. म्हणून सांगतो, ताप, ड्युटी, पोटदुखी, बायकोची अडचण, यातलं काहीही पुढे करू नका. तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या असं प्रभूने मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय ते अशाच वेळेसाठी.

आपल्याच जिल्ह्यांतली गोष्ट घ्या. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, दापोलीकडचं करजगाव. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर उलटंपालटं झालं, लक्ष्मीबाई आणि ते जवळपास पाच वर्षं वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. मला त्यातून दोन गोष्टी दिसतात. एक, किंमत खरी असते, ती कमी करून कोणी सांगू नये. दुसरी, त्या पाच वर्षांत नातं संपलं असं मानलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. तुमच्या घरालाही वेळ लागेल. वर्षं लागतील.

सांगायचं कसं तर, आधी आई-वडील किंवा नवरा-बायको, नंतर काका-आते, सगळ्यात शेवटी वाडी. सणाच्या दिवशी नको, घरात कोणी आजारी असताना नको, रात्री बाबा घोटभर घेऊन बसलेत तेव्हा तर नकोच. सकाळी पडवीत, चहा झाल्यावर. पास्टरला पहिल्या वेळी बरोबर नेऊ नका, घरच्यांना वाटतं परक्या माणसाने आपलं पोर नेलं. तुमची ती तीन वाक्यं बोला आणि गप्प बसा, मग ते जे बोलतील ते ऐका, उत्तर द्यायची घाई नको. देवघरातल्या तसबिरीला हात लावू नका, त्यांच्या देवाबद्दल वाईट शब्द काढू नका. घर त्यांचं आहे, श्रद्धा त्यांची आहे, आणि आपल्याला जसा आपला विश्वास मान्य व्हावासा वाटतो तसाच त्यांनाही वाटतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात लिहिलंय की आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्या पण सौम्यतेने आणि आदराने. उत्तर पाठ करणारे खूप भेटतात, सौम्यतेचं तेवढं विसरतात.

तिसरी पायरी: कागदावर तीन रकाने

ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे म्हणून जरा जास्त लिहितो. एक वही घ्या, पानाचे तीन भाग करा. पहिला, आनंदाने करणार. दुसरा, करणार नाही. तिसरा, अजून कळलेलं नाही. मग वर्षभरात गावात तुमच्यावर काय काय येणार आहे ते सगळं आठवून लिहा, चतुर्थी, गौरी, म्हाळ (पितृपक्षातलं श्राद्ध), दसरा, जत्रा, शिमग्याची पालखी, नारळी पौर्णिमा, लग्नं, बारसं, मयत. होडीवर जाणारा असाल तर १ ऑगस्टला मासेमारी परत उघडते तेव्हाची पूजा पण लिहा, ती बहुतेक जण विसरतात आणि मग जेटीवर तांडेलासमोर, म्हणजे होडीच्या म्होरक्यासमोर, अडचण होते.

माझ्या वहीत पहिल्या रकान्यात काय आहे बघा. घर साफ करणं, रंग काढणं, गणपतीवरच्या माटवीची लाकडं बांधणं, बाजार करणं, पाहुण्यांना स्टॅंडवरून आणणं, भजनी मंडळींना चहा देणं, जेवणं वाढणं, भांडी घासणं, रात्री म्हाताऱ्यांना घरी सोडणं. मोठ्यांच्या पाया पडणं पण मी त्यातच ठेवलंय, माझ्या मते तो वडीलधाऱ्यांचा मान आहे. काही विश्वासी पाया पडत नाहीत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

दुसऱ्या रकान्यात फार थोडं आहे. मूर्तीला नमस्कार, आरतीत ताम्हण धरणं, नैवेद्याचं खाणं, नारळ ठेवणं, देवाला विचारून कौल घेणं, आणि गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढे मोठ्याने घातलेल्या मागण्यात, "व्हय म्हाराजा" म्हणणं. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, यात मी दुसऱ्या कोणाकडे तरी काही मागतोय किंवा कोणाला तरी प्रभू म्हणतोय. तीच माझी कसोटी. यात उपासना आहे का? असेल तर नाही. नुसती माया आहे, श्रम आहे, नातं आहे? तर मग मी सगळ्यांच्या आधी हजर.

दानीएलाचा पहिला अध्याय या दृष्टीने वाचा. त्याने बाबेलचं शिक्षण घेतलं, बाबेलची नोकरी केली, त्याला दिलेलं परकं नाव पण चालवून घेतलं, अडून बसला तो एका ताटावर. आणि अडून बसला म्हणजे काय केलं, तर अधिकाऱ्याकडे जाऊन विनंती केली, दहा दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी देऊन बघ. पर्याय हातात घेऊन गेला. आपल्यातले काही जण नुसतं नाही घेऊन जातात आणि मग म्हणतात घरचे छळतात.

खाण्याबद्दल पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायात फार सुटसुटीत सांगितलंय. बाजारातलं चौकशी न करता खा, कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नका. आमच्याकडे मी आईला दोन आठवडे आधी सांगायला लागलो की नैवेद्याच्या आधी माझं काढून ठेव. पहिल्या वर्षी तिने ठेवलं नाही, मी भात आणि लोणचं खाल्लं, तक्रार केली नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी चुलीमागच्या फळीवर स्टीलच्या डब्यात पाच मोदक आणि वाटीभर काळ्या वाटाण्याची उसळ झाकून ठेवलेली होती, वर बशी उपडी. मला कोणी काही सांगितलं नाही, धाकट्या बहिणीने नुसतं डोळ्याने दाखवलं. आता दरवर्षी तो डबा तिथेच असतो.

तिसरा रकाना लांबच राहणार, त्याची भीती नको. पालखी दारात आली तर बाहेर उभं राहायचं की आत? वर्गणी मागायला आले तर? मी वर्गणी मांडवाला देत नाही पण शाळेची कौलं, पाणवठ्याची सफाई, मयताची लाकडं याला दुप्पट देतो आणि ते पावतीवर लिहून घेतो. बायांच्या बाबतीत तर दोन्हीकडून ओढाताण होते, घरचे म्हणतात कुंकू लाव, आणि मंडळीतली एखादी बाई म्हणते मंगळसूत्र काढ. माझं मत विचाराल तर मंगळसूत्र आपल्याकडे लग्नाची खूण आहे, घाईने काढून नवऱ्याला आणि सासूला घाव देऊ नका, प्रार्थना करा, थांबा. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय अशाच मतभेदांसाठी आहे. आणि नामानाची गोष्ट वाचा, २ राजे पाचवा अध्याय. त्याला नोकरीमुळे धन्याला हात देऊन रिम्मोनाच्या देवळात जावं लागणार होतं, त्याने ते लपवलं नाही, अलीशाला सांगून टाकलं, आणि अलीशा म्हणाला शांतीने जा. याचा अर्थ सगळं चालतं असा काढू नका. पण जे तुम्हाला टाळता येत नाही ते देवापुढे आणि आपल्या वडीलधाऱ्या विश्वासी माणसापुढे उघड ठेवा, एवढं नक्की निघतं.

चौथी पायरी: मान सोडायचा असेल तर रीतसर सोडा

काही घरांना गावऱ्हाटीत, म्हणजे गावदेवाच्या रीतीरिवाजात, मान असतो, कोणाकडे मशाल, कोणाकडे अब्दागीर (देवाची छत्री), कोणाकडे पालखीचा खांदा. थोरला मुलगा विश्वासात आला की प्रश्न घराचा होतो, नुसता त्याचा राहत नाही. ऐन दिवशी गैरहजर राहिलात तर घराची नाचक्की होते आणि ती जखम तुमच्या बापाला होते, तुम्हाला नाही. चार-सहा महिने आधी चुलतभावाला विचारा, वडिलांना घेऊन मानकऱ्यांकडे जा, सांगा की हे काम यापुढे हा करेल. गाऱ्हाणं चालू असताना मी देवळाच्या बाहेर, वाटेवर गाड्या लावायला उभा राहतो. सगळ्यांना माहीत आहे मी तिथे का आहे.

आणि मयताचं. हे कोणी बोलत नाही म्हणून बोलतो. बाबा जायच्या दीड वर्ष आधी एकदा खळ्यात बसले असताना त्यांनीच विचारलं, "माझा कोण करतलो?" मी म्हटलं अग्नी धाकटो देतलो, बाकी सगळा मी करतलंय. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "खांदो तरी देतलंस मा?" मी म्हटलं पयलो. ते गेले ते भर आषाढात. लाकडं सगळी भिजलेली, मी आणि चुलतभाऊ मांगरातली सुकी लाकडं ताडपत्रीखाली वाहून नेत होतो, चार फेऱ्या झाल्या. खांदा पहिला मी दिला. अग्नी भावाने दिला. बारा दिवस आल्यागेल्याचा चहा, जेवण, खर्च माझ्याकडे. दहाव्याला पिंडाला नमस्कार करायला सगळे पुढे गेले तेव्हा आते मागे एकटी पावसात उभी होती, मी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिलो. त्या दिवशी मला कोणी काही बोललं नाही, आणि ते दीड वर्षापूर्वीच्या त्या बोलण्यामुळे. तुमचे आई-वडील हयात असतील तर हे बोलणं पुढे ढकलू नका, कितीही जड वाटलं तरी.

पाचवी पायरी: आंब्याची पेटी

विश्वासात टिकणं म्हणजे फक्त प्रसाद न खाणं असं ज्याला वाटतं त्याने हे नीट वाचावं. मी एका बागायतदाराकडे सीझनला पॅकिंग करायचो. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, म्हणजे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांबाहेरचा आंबा त्या नावाने विकता येत नाही. आणि सगळ्यांना माहीत आहे काय चालतं. कर्नाटकातला माल रात्री टेम्पोने येतो, दिसायला सारखा, खालच्या थरात तो, वर आपला, मध्ये पेंढा, पेटीवर देवगड. मला सांगितलं खाली दोन डझन घाल. मी एक दिवस घातले. खरंच घातले, आणि त्याच संध्याकाळी घरी आरतीला उभा राहिलो नाही म्हणून भाऊ म्हणाला, "देवाक हात जोडूक तुका पाप वाटता, आणि पेटी भरूक?" मला उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालकाला बाजूला घेऊन सांगितलं की हे माझ्याकडून होणार नाही, दुसरं कुठलंही काम द्या. चारचौघांत बोललो नाही, व्हिडिओ काढला नाही. त्याने मला आंबे उतरवायचा झेला देऊन झाडावर पाठवलं, रोज कमी पडला, पुढच्या सीझनला बोलावलंच नाही. दुसरीकडे काम मिळालं पण कमी पैशात, ते मी सजवून सांगणार नाही. पण भाऊ त्यानंतर परत कधी ते वाक्य बोलला नाही. तुमच्या धंद्यात ती पेटी कुठली ते शोधा. होमस्टेवाल्याचं कच्चं बिल असेल, कार्बाइड टाकून पिकवलेला माल असेल, शिळ्या मासळीवर नवीन बर्फ असेल, लग्नातला हुंडा असेल. दुसऱ्या रकान्यात ते आधी लिहा, नैवेद्य नंतर. लोक हेच बघतात, आणि बरोबर बघतात.

सहावी पायरी: घरात आजारपण आलं की

तेव्हा सगळ्यात मोठी लाट येते. पोर तापलं, म्हैस आटली, कलमावर मोहोर टिकला नाही, सगळ्याचं कारण तुम्ही. "तू सोडलंस म्हणून झाला." मग कौल लावायला चल, राखणदाराला कोंबा कबूल कर. अशा वेळी आधी डॉक्टर. पोराला घेऊन सरळ हॉस्पिटल, खर्च तुम्ही करा, रात्रभर बाकावर तुम्ही बसा, आणि तिथे मनात किंवा मोठ्याने प्रार्थना करा. माझ्या देवामुळे नक्की बरं होईल अशी पैज कधीच मारू नका, देवाची अशी परीक्षा बघायची नसते, आणि औषध बंद करा असं कोणी सांगत असेल, मंडळीतलाच का असेना, त्याचं ऐकू नका. लूक स्वतः वैद्य होता हे लक्षात ठेवा.

सातवी पायरी: गावकी आणि कागदपत्रं

बहुतेक गावांत हे इतकं टोकाला जात नाही. पण पाणी तोडलं, दुकानात माल देत नाहीत, मयताला कोणी येऊ नये असा ठराव झाला, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या कायद्यामागे आपल्याच रायगडातल्या गावकीच्या, म्हणजे गावपंचांच्या, बहिष्काराच्या प्रकरणांचा मोठा वाटा होता, आणि ती हिंदू घरांचीच होती, म्हणजे हा कायदा सगळ्यांचा आहे. तक्रार पोलिस ठाण्यात करता येते. पण आधी दोन जाणत्या माणसांना घेऊन बोलून बघा, तारीख-वार वहीत लिहून ठेवा. घटनेच्या २५व्या कलमाने विवेकाचं आणि धर्म मानायचं-पाळायचं स्वातंत्र्य दिलंय, ते शांतपणे माहीत असू द्या, भांडताना तोंडावर फेकू नका.

जमिनीचं एक. "धर्म बदललास, आता हक्क सोड" म्हणून कोणी कागद पुढे केला तर सही करू नका. हिंदू वारसा कायद्याने धर्म बदलला म्हणून तुमचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही, पण त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत कलम २६ वेगळं आहे, ते वकिलाकडून समजून घ्या. मायेपोटी हक्क सोडायचा असेल तर तो वेगळा विषय, तो विचार करून सोडा.

जातीच्या दाखल्याचं मात्र मन दुखावणारं आहे. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. अनुसूचित जमातीला तशी धर्माची अट त्या आदेशात नाही. हा नियम अन्यायाचा आहे असं मानणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातला, कारण बाप्तिस्म्याने वाडीतली वागणूक बदलत नाही. पण विश्वास ठेवायचा ख्रिस्तावर आणि सवलतीसाठी कागदावर हिंदू म्हणून शपथ घ्यायची, हे सुप्रीम कोर्टानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनेशी फसवणूक म्हटलंय. त्यामुळे बाप्तिस्म्याच्या आधी बसून हिशोब करा, शिष्यवृत्ती, नोकरी, मुलांचं पुढचं. प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधायच्या आधी खर्च मोजायला सांगितलाय. आणि तुमच्या मागे जो नवीन येईल त्याला हे कोणी लपवून सांगू नये.

आठवी पायरी: एकटे राहू नका

सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण पट्ट्यात कॅथलिक घरं पिढ्यानपिढ्या आहेत, वेंगुर्ला-रत्नागिरीला जुन्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या मंडळ्या आहेत. तुमच्या पंथाची मंडळी लांब असली तरी या लोकांकडे जाऊन बसा, शेजाऱ्यांत मिसळून राहूनही वेगळं कसं राहायचं हे ते दोन-तीनशे वर्षं करतायत. एसटीने दोन तास लागत असतील तर महिन्यातून दोनदा तरी जा, मोबाईलवरच्या प्रवचनाने जेवल्यासारखं वाटतं पण पोट भरत नाही. एक वडीलधारा माणूस निवडा जो तुमची ती वही वाचेल. मंडळीकडून पैशाची मदत घ्यावी लागली तर घरी सांगून घ्या, नाहीतर गावात तेच कारण ठरतं. आणि सणाच्या दिवसांत वाद घालणारे मेसेज, दुसऱ्याच्या देवावरचे व्हिडिओ फॉरवर्ड करू नका.

नववी पायरी: घसरलात तर

घसराल. चाळीस माणसं उभी, आरती चालू, आई बघतेय, आणि हात जोडले जातात. त्या रात्री काय वाटतं ते मला माहीत आहे. बरेच जण तिथूनच सोडून देतात, पाप केलं म्हणून नाही, आता कुठल्या तोंडाने जायचं म्हणून.

योहानाचा अठरावा आणि एकविसावा अध्याय एकापाठोपाठ वाचा. पेत्र आपल्यासारखाच दर्यावरचा माणूस. अंगणात कोळशाचा विस्तव पेटलेला, शेकत उभा राहून तो तीनदा म्हणाला मी त्याला ओळखत नाही. नंतर परत जाळं घेऊन रात्रभर समुद्रात, हाताला काही नाही. पहाटे किनाऱ्यावरून कोणीतरी हाक मारली, जाळं उजवीकडे टाकायला सांगितलं, एकशे त्रेपन्न मोठे मासे, आणि काठावर येऊन बघतो तर परत कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर. तोच वास आला असेल त्याला. प्रभूने आधी त्याला न्याहारी दिली. मग विचारलं, तीनदा, माझ्यावर प्रेम करतोस का. आणि लगेच काम दिलं, माझी मेंढरं सांभाळ.

तेव्हा त्याच रात्री त्या वडीलधाऱ्या माणसाला फोन करा, अकरा वाजले असले तरी. झालं ते एका वाक्यात सांगा, कारणं नकोत. सकाळी उठून विसर्जनाच्या आधीची भांडी घासायला घ्या, घरातून पळून मुंबईची गाडी पकडू नका. आणि दुपारी आई एकटी भेटली की तिला सांगा, "आये, काल मी हात जोडलंय ते तुका वाईट वाटू नये म्हणान, माझ्या मनात ता नव्हता, फुडल्या खेपेक मी भायर उभो रवतलंय." ती रागावेल कदाचित. माझी रागावली होती, आणि मग म्हणाली, बरा, पण जेवूक तरी भितर येतलंस मा?